सडपातळ मुलाचा रिपोर्ट

सेंट्रिफ्यूज थांबलं की रक्ताची नळी हळूच बाहेर काढायची आणि उजेडात धरायची. तळाला लाल पेशी बसलेल्या असतात, वर सीरम असतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं. पण कधी कधी ते गढूळ, पांढुरकं येतं, पाण्यात दूध ढवळावं तसं. लॅबमध्ये त्याला ‘लायपेमिक सॅम्पल’ म्हणतात. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे चरबीच, फार वाढली की असं होतं. नमुना मशीनवर लावण्याआधीच तंत्रज्ञाला कळून चुकतं, की या रिपोर्टमधल्या आकड्यांपुढे वर जाणारे बाण छापले जाणार.

पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. सुरुवातीच्या वर्षांत अशी नळी हातात आली तर फॉर्म न बघता वयाचा अंदाज करता यायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, बहुधा मधुमेही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत मात्र वयाच्या रकान्यात २४, २६, २९ असे आकडे यायला लागले. सोमवारच्या सकाळी जास्त. रक्त काढताना मी विचारायची, “काल रात्री काय खाल्लं होतं?” उत्तरं ठरलेली असायची. पिझ्झा, बर्गर, तळलेलं चिकन, कोल्ड्रिंक. मुलं बघायला चांगली असायची, काहीजण तर शिडशिडीत. आपल्या रक्ताचा रंग बदललाय याचा त्यांना पत्ताही नसायचा.

त्यांच्यातलाच एक माझ्या घरातला निघाला. थोरल्या बहिणीचा मुलगा.

वय २७. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ६९ किलो. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात वाढलेला, इंजिनिअर होऊन हिंजवडीत नोकरीला लागलेला. वाकडला तीन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. कंपनीने वार्षिक तपासणी करून घेतली आणि रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आला. त्याने तो मला पाठवला आणि लगेच फोन केला. “मावशी, हे एसजीपीटी म्हणजे काय गं? त्याच्यापुढे बाण आहे.”

बाण एकाच ठिकाणी नव्हता. एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं विकर, ८४, ते साधारण चाळिशीच्या आत असावं. उपाशीपोटीची ट्रायग्लिसराइड्स २६८. ती दीडशेच्या खाली हवीत. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, ५.९. रक्तदाब १३४/८६. पोटाच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’. कंबर ९२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी ९० च्या वर गेली की धोक्याची मानतात.

आणि उंचीच्या मानाने वजन? बीएमआय २२.५. अगदी योग्य. वजनकाटा त्याला निरोगी म्हणत होता.

त्याच्या आईला, म्हणजे ताईला, हे पटेचना. “लेकरू वाळून गेलंय गं माझं, हात बघ कसे काड्या झालेत, आणि तू म्हणतीस चरबी वाढली?” तिचं म्हणणं डोळ्यांना दिसत होतं तितकं खरं होतं. हात बारीक, चेहरा बारीक, शर्ट सैल. फक्त शर्टाच्या आत, पट्ट्याच्या वर, एक लहानसा गोलावा. आपल्याकडे त्याला कोणी पोट म्हणत नाही. ‘बैठं काम आहे ना’ म्हणतात आणि विषय सोडून देतात.

या बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबी साठवणाऱ्या शरीराचा अभ्यास पुण्यातच झालेला आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक दशकं त्यावर काम करत आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. तेवढ्याच उंचीला तेवढंच वजन, आणि भारतीय शरीरात चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमधली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची नवजात बाळं यांचीही तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांमध्ये स्नायू आणि आतले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची आहे. अशा शरीरावर रोज रात्री पिझ्झा आणि कोल्ड्रिंकचा मारा झाला तर ते कंबरेवर दिसायच्या आधी रक्तात आणि यकृतात दिसतं. लॅबमध्ये मी जे नळीत पाहत होते त्याचं कारण हेच.

भाच्याला ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. फॅटी लिव्हर म्हटलं की तो विचारावाच लागतो. हा महिन्यातून एखादी बिअर घेणारा. मग काविळीच्या बी आणि सी विषाणूंच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं. सगळं ठीक. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता मला कालपासून मागे, काय काय खाल्लंस ते सांग.”

त्याला आठवेना. “साधंच खातो सर,” म्हणाला.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी बसून त्याने फोनवरच्या ऑर्डरी उघडल्या. जेवण मागवायच्या अ‍ॅपवर जुन्या ऑर्डरींची यादी तारीख-वेळेसकट राहते. डॉक्टरांना हवा होता तो हिशोब तिथे आयता लिहिलेला होता. महिन्यात दिवस जितके, त्याहून ऑर्डरी जास्त. वेळ बहुतेक रात्री साडेअकरा ते साडेबारा. शेजवान राइस, चिकन रोल, पेरीपेरी फ्राइज, ‘एकावर एक फ्री’ मिडियम पिझ्झा, त्याच्याबरोबर अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, कारण तेवढं घेतलं की डिलिव्हरी फुकट. एका रात्री फक्त चोको लाव्हा केक, तोही दोन.

त्याचा दिवस नीट समजून घेतल्याशिवाय या यादीचा अर्थ लागत नाही. शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. उठायचा अकराला. आंघोळ करून निघताना सोसायटीच्या बाहेरच्या गाडीवर दोन वडापाव किंवा भुर्जीपाव, तेच पहिलं जेवण. पाच वाजता ऑफिसात चीज सँडविच आणि थंड कॉफी. रात्री कंपनीची गाडी फ्लॅटवर सोडायची तेव्हा अकरा वाजून गेलेले. आसपासच्या मेसचे दरवाजे दहाला बंद. चार थकलेली मुलं, एक गॅसची शेगडी, एक कुकर ज्याची रिंग हरवलेली. अशा वेळी अर्ध्या तासात दारात गरम खोका आणून देणारा माणूस देवदूत वाटला तर त्यात मुलांचा दोष किती धरायचा? ही मुलं चवीच्या मागे लागून बिघडली असं म्हणून हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या दिवसाची घडीच अशी घातलेली आहे की तिच्यात पोळीभाजीला जागा नाही.

वडापावचं नाव आलं की मराठी माणूस दुखावतो, म्हणून थोडं स्पष्ट सांगायला हवं. १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून गिरणीकामगारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत किती लोकांची भूक त्याने भागवली याला गणती नाही. शारीरिक कष्टाच्या दिवसात एखादा वडापाव वेगळा, आणि खुर्चीत बसून काढायच्या दिवसाची सुरुवात रोज दोन वडापावांनी करणं वेगळं. त्यात बटाटा, बेसनाचं तळलेलं आवरण आणि मैद्याचा पाव. प्रथिनं नावाला, तंतुमय पदार्थ त्याहून कमी. आणि तळणीचं तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तळून तळून तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते तेल टाकून द्यायचं. २०१८ पासून हा नियम लागू आहे. गाडीवरच्या कढईत हे कोण मोजणार? तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतं, वरून नव्याची भर पडते.

परदेशी साखळी दुकानांचं भारतातलं वय तसं फार नाही. मॅकडोनल्ड्सची पहिली दुकानं १९९६ साली दिल्लीत आणि मुंबईत उघडली. भाच्याच्या पिढीच्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट. त्याच्या आईने बर्गर पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, पुण्यात माझ्याकडे आली तेव्हा. तिच्या मुलाला कॉलेजात तो परीक्षा संपल्याचं बक्षीस होता आणि नोकरीत रात्रीचं जेवण. एका पिढीत एवढा बदल झाला. पुण्याजवळच्या त्या बाळांची शरीरं मात्र बदललेली नाहीत.

फास्टफूडने यकृताचं काय होतं हे स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. फ्रेड्रिक न्यूस्ट्रॉम या डॉक्टरांनी १८ निरोगी तरुण घेतले. चार आठवडे त्यांनी दिवसातून किमान दोन वेळा फास्टफूड खायचं, एकूण उष्मांक दुपटीवर न्यायचे आणि चालणं-फिरणं अगदी कमी ठेवायचं. २००८ साली ‘गट’ या नियतकालिकात निकाल आले. सरासरी वजन ६.४ किलोंनी वाढलं. पण माझ्यासारखीचे डोळे थांबले ते एसजीपीटीच्या आकड्यावर. सुरुवातीला सरासरी २२ होतं, ते ९७ पर्यंत गेलं. काहींचं पहिल्या आठवड्यातच वाढायला लागलं होतं. दारू नाही, कावीळ नाही, फक्त खाणं. या प्रयोगाची प्रेरणा २००४ च्या ‘सुपर साइझ मी’ या माहितीपटाची होती, ज्यात मॉर्गन स्परलॉकने महिनाभर फक्त मॅकडोनल्ड्समध्ये जेवून अकरा किलो वजन वाढवलं. त्या माहितीपटाचा आधार मी कुणाला देत नाही. स्परलॉकने पुढे, २०१७ साली, आपल्या दारूच्या सवयीची जाहीर कबुली दिली, आणि यकृताच्या बाबतीत ती गोष्ट सगळा हिशोब बदलते. एकट्या माणसाच्या पडद्यावरच्या कहाणीपेक्षा लिंशॉपिंगचे ते अठराजण मला जास्त विश्वासाचे वाटतात.

भाचा त्यावर म्हणाला, “पण मावशी, मी काही दुप्पट खात नव्हतो.” हा मुद्दा बिनतोड वाटतो. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात आहे. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे घरच्यासारखं ताजं अन्न. दोन्ही प्रकारांत ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवलेले. हवं तितकं खा, नको ते टाका, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढवलं. ताज्या अन्नाच्या दिवसांत तेवढंच कमी झालं. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. त्यातली एक नोंद फार बोलकी आहे. ते पदार्थ लोक भराभर खात होते. मऊ, ओलसर, चावायला काही नसलेलं अन्न. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायच्या आत ताट संपलेलं असतं.

ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी कुणी घाईघाईत दुप्पट खाल्ल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. भाकरी चावावी लागते.

कोल्ड्रिंकचा हिशोब वेगळा मांडायला हवा, कारण ते जेवणात मोजलंच जात नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे बारा चमचे. दिवसाला दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमलं तर पंचवीसच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाची सगळी परवानगी एका बाटलीत संपली. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो मुख्यतः यकृतालाच निस्तरावा लागतो. जास्तीचं झालं की यकृत त्याची चरबी करतं. काही तिथेच साठते, काही ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने रक्तात सोडली जाते. नळीतलं पांढुरकं सीरम येतं ते असं. तेलकट खाणाऱ्याचंच रक्त तेलकट होतं, हा गैरसमज लॅबमध्ये रोज ऐकू यायचा; गोड पिणाऱ्याचंही होतं.

डॉक्टरांनी तपासताना आणखी एक गोष्ट पाहिली. त्याला कॉलर खाली करायला सांगितली. मानेच्या मागे काळसर, मखमली पोत असलेला पट्टा होता. काखेतही तसंच. घरी सुट्टीला गेला की ताई त्याला दोन वर्षं सांगत होती, “मान घासून आंघोळ कर, केवढा मळ साचलाय.” तो घासायचा. मळ निघत नव्हता, कारण तो मळ नव्हताच. त्वचेच्या या बदलाला अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने मानेवर, काखेत, सांध्याच्या घड्यांवर त्वचा जाड आणि काळी होते. सुई न टोचता दिसणारी ही खूण आहे. हे ताईला समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ फोनवर बोलली नाही. मग म्हणाली, “गावात कितीतरी लेकरांच्या माना अशा आहेत गं.”

तिचं ते वाक्य मनातून जात नाही. कारण हा हिंजवडीपुरता प्रश्न राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ साली आले. १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह, आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. पोटाचा घेर वाढलेले प्रौढ जवळजवळ चाळीस टक्के. तालुक्याच्या गावात आता चायनीजच्या गाड्या आहेत, शाळेच्या फाटकाशी पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांच्या माळा आहेत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मीठ, साखर, चरबी जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला. आपल्या गावातल्या शाळेपुढे उभं राहून तो पाळला जातो का, हे कुणीही पाहू शकतं.

भाच्याला गोळी दिली नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो, तेवढ्यात काय होतं बघू. ‘तीन महिने’ हा आकडा उगीच आलेला नसतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीएवनसी म्हणजे त्या पेशींना चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं खाणं सांगतो. आदल्या दिवशी उपास करून तो सुधारत नाही. सडपातळ माणसाच्या फॅटी लिव्हरमध्ये वजनाच्या तीन ते पाच टक्के घट झाली तरी फरक पडतो, म्हणजे याला दोन-तीन किलो पुरेसे होते. उपाशी राहायचं नव्हतं. कोल्ड्रिंक बंद, रात्री अकरानंतर ऑर्डर बंद, रोज पाऊण तास भरभर चालायचं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. दुपारी डोकं दुखायचं, रात्री झोप लागायची नाही, खोलीतले बाकीचे तिघे पिझ्झ्याचा खोका उघडायचे आणि वास यायचा. त्यांच्यातल्या एकाचा रिपोर्ट पूर्ण स्वच्छ आला होता. तो याच्याइतकंच खायचा. “मग मलाच का?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. तो मित्र रविवारी सकाळी फुटबॉल खेळायचा, चार दिवस जिमला जायचा. पण तेवढंच कारण नसणार. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांची शरीरं वेगवेगळी असतात, घराण्याचा वारसा वेगळा असतो. याच्या वडिलांना चाळिशीत मधुमेह झाला होता. ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याने दुसऱ्याच्या रिपोर्टवर आपलं जेवण ठरवू नये, एवढं त्याला पटलं.

फरक पडला तो एका डब्याने. सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एक काकू चार-पाच मुलांना डबा द्यायच्या. त्यांना विनंती केली. त्या संध्याकाळी डबा करून दाराशी ठेवायला लागल्या. दोन ज्वारीच्या भाकरी, उसळ किंवा पालेभाजी, वरण. रात्री अकराला भाकरी गार असायची. याने तव्यावर शेकायला सुरुवात केली. कुकरला नवी रिंग आणली. ताईने गावाहून कारळाची चटणी आणि शेंगदाणे पाठवले. सकाळी गाडीवर थांबण्याऐवजी तो चुरमुऱ्यांचा सुशीला करायला शिकला, आमच्या मराठवाड्यातला साधा नाश्ता, त्यात डाळं आणि शेंगदाण्याचं कूट घालायचं. सोबत दोन उकडलेली अंडी. पैशाचा हिशोब त्याने स्वतःहून केला. रात्रीच्या ऑर्डरींवर महिन्याला जाणाऱ्या रकमेच्या निम्म्यात डबा, अंडी आणि फळं बसत होती.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. वजन ६५ किलो, कंबर ८७. एसजीपीटी ३८. ट्रायग्लिसराइड्स १५६, म्हणजे अजून किंचित वर. एचबीएवनसी ५.६, सीमेच्या जेमतेम आत. सोनोग्राफीत ग्रेड वन, पूर्ण गेलेलं नाही. मानेवरचा पट्टा फिका झालाय, पण दिसतो. तो कदाचित आणखी वर्षभर दिसेल. दुपारी येणारी झोपेची गुंगी मात्र दुसऱ्या महिन्यातच गेली, आणि घशाशी येणारं आंबट पाणीही. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी बॅगेत तशीच पडून आहे.

तो आजही कधीतरी वडापाव खातो, मित्राच्या वाढदिवसाला पिझ्झाही खातो. डॉक्टरांनी कायमची बंदी घातलेली नाही. रोजचं जेवण म्हणून ते नको, एवढंच सांगितलं आहे.

एक गोष्ट या सगळ्यात नशिबाची होती, ती म्हणजे कंपनीने तपासणी करून घेतली. ती झाली नसती तर त्याला काही कळण्याचं कारण नव्हतं. फॅटी लिव्हर दुखत नाही. मधुमेहाचा उंबरठा दुखत नाही. यकृताला सूज राहून राहून व्रण पडायला लागले, तरी बरीच वर्षं माणूस कामावर जात राहतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी तिशीपासून पुढच्यांसाठी आहे. आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आणि आशा ताई घरोघर ते काम करतात आणि फार चांगलं करतात. पण लॅबमध्ये पाहिलेल्या नळ्यांवरून सांगते, तिशी आता उशिराची आहे. हे वय पंचविशीवर आणलं पाहिजे, आणि रात्रपाळी करून घेणाऱ्या कंपन्यांवर रात्री दहानंतर साधं जेवण मिळेल अशी सोय करणं बंधनकारक झालं पाहिजे. कॅबची सोय करता येते तर वरण-भाकरीचीही करता येईल.

तोपर्यंत घराघरांतून हे काम करावं लागेल. तुमचा मुलगा किंवा मुलगी बाहेरगावी राहत असेल, बाहेरचं खात असेल, तर येत्या सुट्टीत घरी आल्यावर ‘वाळलास किती’ म्हणून थांबू नका. टेप घेऊन कंबर मोजा. मुलाची ९० सेंटिमीटरच्या, मुलीची ८० च्या वर नको. मानेच्या मागे पाहा. आणि एका सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये नेऊन चार तपासण्या करून घ्या: फास्टिंग शुगर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी. रिपोर्ट हातात आला की तो डॉक्टरांना दाखवा, मुलगा कितीही सडपातळ दिसत असला तरी.